जाळीवर मर्सिडीजचा तारा आणि नाव टाटा, हा नेमका कुठला ट्रक? १२१० चा इतिहास कुणाला माहितीये का

वाठारचा_पाटील

मंडळी, एक वाद मिटवा राव. आमच्या गावाजवळ एका भंगारवाल्याकडे जुना ट्रक येऊन पडलाय, चाकं नाहीत, हौदा नाही, फाळके कधीच गेलेत, नुसती चासी, इंजिन आणि पुढचं तोंड शिल्लक आहे. लांबलचक गोल बॉनेट आणि पुढच्या जाळीवर चक्क मर्सिडीजचा तीन पात्यांचा तारा. बाजूची अक्षरं घासून बघितली तर टाटा मर्सिडीज-बेंझ असं वाचता येतंय. माझा चुलतभाऊ म्हणतो ही जर्मनीहून आलेली इम्पोर्टेड गाडी आहे, घेऊन ठेव, लाखात जाईल. मी म्हणतो टाटाचाच ट्रक आहे, तारा कुणीतरी हौसेनं बसवला असेल, जसं लोक मारुतीवर ऑडीच्या रिंगा लावतात तसं.

आता माझा गोंधळ असा की आमच्या वडिलांकडे १२१० होती, कोल्हापूरचा गूळ घेऊन अहमदाबादला जायचे, परतीला मिळेल तो माल. तिच्या तोंडावर तारा नव्हता, गोलात इंग्रजी टी होता, आणि बॉनेट एवढं लांब नव्हतं, अर्धं इंजिन केबिनमध्ये घुसलेलं होतं. पण तात्या, म्हणजे वडील, तिला कायम मर्सिडीजच म्हणायचे, "मर्सिडीज धुवून घ्या रे" असं. लहानपणी आम्हाला वाटायचं तात्या चेष्टा करतायत.

तर विचारायचंय ते असं की ही भानगड काय आहे, टाटा आणि मर्सिडीज एकत्र कसे, ते १२१०, १६१३ आकडे कशाचे, आणि मी शाळेत असताना जे तोंड रस्त्यावर दिसायचं तेच तोंड मी नोकरीला लागलो तरी नवीन गाडीला कसं काय होतं? नेटवर शोधलं तर सगळं कारबद्दलच येतं, ट्रकबद्दल कुणी धड लिहीत नाही.

जुना_स्पॅनर

पाटील, तारा हौसेनं लावलेला नाही आणि गाडी इम्पोर्टेडही नाही, त्यामुळे तुम्ही दोघंही हरलात.

टाटांची टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, १९४५ ला निघाली ती ट्रकसाठी नाहीच, जमशेदपूरला रेल्वेची वाफेची इंजिनं बनवायला. रस्त्यावर तेव्हा कुठल्या गाड्या होत्या बघा, शेवरोले, फोर्ड, डॉज, फार्गो, त्यातल्या बऱ्याच महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या आणि जवळजवळ सगळ्या पेट्रोलवर. जनरल मोटर्स आपल्या मुंबईत शिवडीला सुटे भाग आणून गाड्या जोडायची, १९२८ पासून. मग १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण घेतलं की नुसते बाहेरून खोके आणून जोडायचं बंद, इथं टप्प्याटप्प्याने भाग बनवणार असाल तर थांबा नाहीतर निघा. जीएम आणि फोर्ड दोघंही निघाले. प्रीमियरवाले कुर्ल्याला डॉज-फार्गो करत राहिले.

या मोकळ्या झालेल्या जागेत टेल्को शिरली. १९५४ ला मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि करारापासून सहा महिन्यांच्या आत जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. हा ट्रक जर्मनीत मॅनहाइमला बनायचा, नाव एल ३१२. तुमच्या भंगारवाल्याकडचं लांब गोल बॉनेट त्याच घराण्यातलं दिसतंय. सुरुवातीला बरेच भाग तिकडून यायचे आणि वर्षागणिक इथले वाढत गेले, करारच तसा होता. १९६१ ला तर पहिला ट्रक सिलोनला निर्यातही झाला.

करार संपला १९६९ ला. त्यानंतर तारा लावायचा हक्क गेला, म्हणून त्याच जागी गोलातला टी आला. म्हणजे तुमच्या गाडीवर तारा असेल तर ती १९५४ ते ६९ मधलीच, आणि तात्यांची त्यानंतरची. तात्या चेष्टा करत नव्हते, त्यांच्या पिढीतल्या ड्रायव्हर लोकांच्या तोंडात टाटाला मर्सिडीज हेच नाव बसलेलं होतं, तारा गेला तरी ते गेलं नाही.

आता आकडे. मर्सिडीजनेच १९६३ च्या सुमारास आपल्या ट्रकची नावं बदलली, पुढे टन आणि मागे हॉर्सपॉवरचा दहावा भाग. तीच पद्धत टाटाने धरली. १२१० म्हणजे मालासकट साधारण १२ टन वजन आणि शंभरच्या आसपास हॉर्सपॉवर. १६१३ म्हणजे १६ टन, १३०. आणि मागे तिरकी रेघ मारून ४२ असेल तर तो व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ४.२ मीटर.

विदर्भ_एक्स्प्रेस

राजेहो, मग ते मिलिटरीतलं शक्तिमान बी मर्सिडीजच का? आमच्या इकडं लिलावात घेतलेले लय फिरायचे, लाकडं वाहायला. तोंड तसंच नाकवालं होतं.

जुना_स्पॅनर

नाही, शक्तिमान वेगळं. ते एमएएन या दुसऱ्या जर्मन कंपनीचं लायसन्स, जबलपूरला सरकारी कारखान्यात बनायचं, १९५९ पासून. नाक सगळ्यांनाच होतं त्या काळात, नाकावरून घराणं ओळखू नका.

गूळमार्केट_ट्रान्सपोर्ट

पाटील तुमचे वडील गुळाच्या लाईनला होते म्हणजे आमचे लोक त्यांना वळखत असणार 🙂 आमचा धंदा तिसऱ्या पिढीत हाय.

स्पॅनर साहेबांनी इतिहास सांगितला तो बरोबर हाय पण गाडी का चालली ते कारखान्यात बसून कळत नाही, ते हौद्यात उभं राहून कळतं. तुम्ही म्हणताय तुमच्या भंगारवाल्याकडं पूर्ण नाकवाली हाय आणि तात्यांची अर्ध्या नाकाची, तर ती अर्ध्या नाकाची म्हणजे एसई, सेमी फॉरवर्ड. इंजिन अर्धं केबिनमध्ये ढकललं की ड्रायव्हर पुढं सरकतो, केबिन पुढं सरकते, आणि तेवढ्याच चासीवर हौदा लांब बसतो. फूट-दीड फूट जास्त हौदा म्हणजे गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, एक आख्खी ओळ, आणि भाडं टनावर असो की नगावर, ती ओळच मालकाचा नफा होती, बाकी सगळं डिझेल, टायर, जकात नाके आणि चहापाण्यात जायचं. मग पूर्ण सपाट तोंडाची एलपीटी तर आणखी जास्त हौदा देत होती, ती का नाही घेतली सगळ्यांनी असं विचाराल तर सांगतो, ड्रायव्हर नको म्हणायचे. समोर नाक असलं की ठोकर बसली तर आधी लोखंड जाणार मग आपण, सपाट तोंडात आधी गुडघे. आणि इंजिनला हात घालायचा तर सपाट गाडीत आख्खी केबिन सामानासकट आडवी येते, एसईला बाहेरून बॉनेट उघडलं की अर्धं काम होतं आणि आतलं झाकण काढलं की उरलेलं. रात्री दोन वाजता खंबाटकीच्या चढाला गाडी बसली की हा फरक लय मोठा असतो बघा.

आता उष्णता. आतलं बॉनेट ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्याला लागून, त्यावर गोधडीची घडी, तिच्यावर क्लीनर बसणार, तिथंच झोपणार, आणि चहाची किटली ठेवली तर तासभर गरम राहायची. थंडीत मजा, पण एप्रिल-मेमध्ये सुरतेच्या पुढं गेलं की डावा पाय उकडून निघायचा. आता सरकारनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची केलीये म्हणे, आमचे जुने ड्रायव्हर ऐकून नुसते हसतात.

अजून एक, ज्याला तुम्ही तोंड म्हणताय तेवढंच कंपनीचं असायचं. गाडी घेतली म्हणजे काय मिळायचं तर चासी, इंजिन, पुढचं बॉनेट, मडगार्ड आणि काच धरणारा पत्रा, बस. त्याला काऊल म्हणतात. शोरूममधून ड्रायव्हर लाकडी खोक्यावर नाहीतर पत्र्याच्या डब्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, उघड्यावर ती चासी बॉडीवाल्याकडं चालवत न्यायचा. पंजाबच्या लोकांची बॉडी सरहिंदला, तमिळ लोकांची नामक्कलला, आमची कोल्हापुरात. दरवाजे लाकडाचे, खिडकीला काच असली तर असली, टपावर ताडपत्री-रस्सा ठेवायला पेटी, मागं आई अंबाबाई. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्या कधी सारख्या दिसत नव्हत्या आणि लांबून बॉडी बघून गाडी कुठल्या मुलखाची ते सांगता यायचं.

पाटील, तुम्ही विचारलंत तोंड बदललं का नाही. का बदलावं? तोंड बदललं की बॉनेटचा पत्रा वेगळा, मडगार्ड वेगळं, काच वेगळी. तीच काच तेच मडगार्ड काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत मिळत होतं, ह्यातच आमची कमाई होती.

ढाब्यावरची_डाळ

+१. वाचतोय. गूळवाल्या दादांनी अजून लिहावं.

नोझल_आणि_पंप

इंजिनाबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहितो, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पंपाच्या दुरुस्तीचं काम करतो, वडीलही तेच करायचे.

एल ३१२ ला इंजिन होतं ओएम ३१२, सहा सिलेंडर, बोर (सिलेंडरचा व्यास) ९० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) १२०, म्हणजे साधारण ४.६ लिटर, ९० हॉर्सपॉवर. हे प्री-चेंबरवालं. म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमध्ये एक छोटी खोली असते तिच्यात फवारतं, तिथं पेट घेतं आणि मग बाहेर पडतं. फायदा असा की इंजिन मऊ चालतं, पंपाला दाब कमी लागतो. तोटा असा की त्या खोलीच्या भिंतीतून उष्णता जाते, म्हणून डिझेल जास्त खातं आणि थंडीत लवकर चालू होत नाही. त्याला हिटर प्लग लागतात, सगळे एका माळेत जोडलेले, आणि ड्रायव्हरसमोर डॅशबोर्डवर एक छोटी तार असते भोकांच्या झाकणाआड. खेचा ओढायचा, तार हळूहळू लाल व्हायची वाट बघायची, भडक लाल झाली की आणखी ओढून सेल्फ मारायचा. तार लालच झाली नाही तर समजायचं माळेतला एक प्लग गेलाय, आणि एक गेला की सगळी माळ बंद, मग अंधारात बसून एकेक तपासा. तुमच्या भंगारातल्या गाडीत ती तार असेल तर बघा पाटील, बहुतेक कुणीतरी काढून नेली असेल.

१९७१ च्या सुमारास टाटाने डायरेक्ट इंजेक्शन आणलं. ते ६९२. आता गंमत बघा, ६ म्हणजे सहा सिलेंडर आणि ९२ म्हणजे बोर. स्ट्रोक तोच १२०. जुन्या जर्मन इंजिनाचा बोर दोन मिलिमीटरने मोठा केला आणि प्री-चेंबर काढून टाकली, ४.८ लिटरच्या आसपास. हिटरची कटकट गेली, कडाक्याच्या थंडीतही अर्ध्या सेल्फमध्ये उठायचं, आणि ॲव्हरेज वाढलं. माझ्या मते टाटाने बाजी मारली ती इथे, तारा गेल्यावर. कारण मालकाला ताऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला लिटरला किती किलोमीटर एवढंच कळतं.

त्यानंतरचं ६९७. बोर ९७, स्ट्रोक १२८, ५.६७५ लिटर. मर्सिडीजच्या ओएम ३५२ चे आकडेही हेच, मिलिमीटरला मिलिमीटर. त्याचेच चार सिलेंडर घेतले की ४९७. ही पद्धत एकदा कळली की टाटाच्या कुठल्याही जुन्या इंजिनाचं नाव ऐकून पिस्टन कुठला मागवायचा ते कळतं. पुढे ६९७ ला टर्बो लागला आणि १६१३ चे १३० हॉर्सपॉवर झाले.

पंप मायकोचा, लाईनमध्ये सहा एलिमेंटवाला. तो पंप तीनचार साध्या पान्यांवर खुलतो आणि कॅलिब्रेशनचं मशीन तालुक्याच्या गावाला असायचंच. आता कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या, गाडीला लॅपटॉप जोडल्याशिवाय ती बोलतच नाही.

टॉरसवाला

सगळे टाटा टाटा करतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. अशोक लेलँड टाटाच्या आधीपासून ट्रक बनवतंय. चेन्नईजवळ एन्नोरला त्यांचा कॉमेट ट्रक जोडायला सुरुवात झाली ती टेल्कोच्या पहिल्या ट्रकआधी. इंजिन मोठं, ३७० घनइंचाचं म्हणजे सहा लिटरच्या वर, दणकट. घाटात कॉमेट गियर न टाकता जायची तिथं १२१० ला दोनदा खाली यावं लागायचं. तीन एक्सलची टॉरस रस्त्यावर होती तेव्हा टाटा सहा टायरवरच होता. दक्षिणेत जाऊन विचारा मर्सिडीज कुणाला माहीत होती ते. एसटीतसुद्धा जुने ड्रायव्हर लेलँड मागून घ्यायचे.

गूळमार्केट_ट्रान्सपोर्ट

टॉरसवाले, लेलँड दणकट होती ह्यात वादच नाही, आमच्या काकांकडं एक कॉमेट होती, इंजिन कधी उघडलं नाही. पण ती बेळगावच्या खाली. इंदूरच्या पुढं लेलँडचा सामान मागितला की दुकानदार वर बघायचा. १२१० चा क्लच प्लेट पानपट्टीवर मिळाला असता असं म्हटलं तरी चालेल. लांबच्या पल्ल्याला गाडी किती ताकदीची ह्यापेक्षा ती बसली तर किती तासात उठते ते बघतात. आमच्याकडं गूळ असायचा, पावसाळ्यात दोन दिवस हौद्यात ताडपत्रीखाली थांबला की पाझरायला लागतो.

टॉरसवाला

ते मान्य. पण घाटातलं माझं बरोबर आहे.

नोझल_आणि_पंप

घाटातलं बरोबर आहे, ६.१ लिटर आणि ४.८ लिटर, दुसरं काय होणार.

वाठारचा_पाटील

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. चुलतभावाला वाचून दाखवलं, तो गप्प आहे.

आता पुढचं सांगा, १२१० मग गेली कुठं? तात्यांनी नव्वद-एक्क्याण्णवला गाडी विकून १६१२ घेतली होती, त्यांना विचारलं तर म्हणाले "कायदा बदलला म्हणून", एवढंच. कुठला कायदा ते त्यांना आता आठवत नाही. आणि दुसरं, पिंपरीच्या कारखान्यात हे ट्रक बनायचे का? आमच्या गावचे दोघेतिघे टेल्कोत होते, ते कायम ट्रकच्या गोष्टी सांगायचे.

जुना_स्पॅनर

तात्यांची आठवण पक्की आहे. एका एक्सलवर किती वजन टाकायचं याला कायद्यात मर्यादा असते, रस्ता खचू नये म्हणून. ती आपल्याकडे ८.१६ टन होती, ऐंशीच्या दशकात १०.२ झाली. मागच्या एक्सलला १०.२ आणि पुढच्या एक्सलला ६ धरा, बेरीज १६.२. म्हणून सहा टायरची गाडी १२ वरून १६ ची झाली आणि १२१० ची जागा १६१२, १६१३ ने घेतली. बॉनेटवरचा आकडा कंपनी ठरवते असं लोकांना वाटतं, पण त्यातले पहिले दोन अंक दिल्लीत ठरतात. दहा टायरच्या गाडीला २५ टन, म्हणून २५१५, २५१६. जुलै २०१८ मध्ये मर्यादा परत वाढली, सहा टायरला १६.२ वरून १८.५ आणि दहा टायरला २५ वरून २८.५, की लगेच २८ ने सुरू होणाऱ्या गाड्या दिसायला लागल्या.

अर्थात १२१० वर १२ टनच भरायचे असं समजू नका 😄

गूळमार्केट_ट्रान्सपोर्ट

स्पॅनर साहेब ते उघड बोलायचं नसतं. पण हो, कमानीचे पाटे दोन-दोन जास्तीचे टाकून घ्यायचे लोक, नऊशे-वीसचे टायर सोळा प्लायचे, आणि कागदावर जे वजन ते वजनकाट्याला माहीत. म्हणून तर त्या काळच्या एक्सलला आणि हौशिंगला आम्ही हात जोडतो. कायदा बदलला तेव्हा आमच्याकडं कुणी जास्त माल भरायला लागला असं झालं नाही, जे आधी भरत होते ते कायदेशीर झालं एवढंच. (सगळे असंच करत होते असं नाही, पण लाईनवर विचारा.)

जुना_स्पॅनर

पिंपरीबद्दल. १९६६ ला पुण्यात टेल्को आली ती आधी ट्रक बनवायला नाही, यंत्रं आणि डाय बनवायला. म्हणजे ज्या साच्यात मडगार्ड दाबतात ते साचे इथे घडवायचे, बाहेरून आणायचे नाहीत. करार तीन वर्षांनी संपणार होता आणि संपल्यावर जर्मनांकडे हात पसरावा लागू नये ही तयारी आधीच चालू होती. ही दूरदृष्टी बऱ्याच अंशी सुमंत मुळगावकरांची. मुंबईत जन्मलेला मराठी माणूस, टेल्कोचा कारभार कित्येक वर्षं त्यांच्याकडे होता. खडकाळ माळावर झाडं लावून, तळं करून कारखाना उभा केला, चिंचवडला गेलात तर ती झाडी अजून दिसते. १९८९ ला गेले. टाटा सुमो हे नाव त्यांच्याच नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या Su आणि Mo वरून, १९९४ ची गाडी. पुण्याहून पहिलं व्यापारी वाहन १९७७ ला बाहेर पडलं. तुमच्या गावच्या मंडळींनी बहुतेक टाटाच्या छोट्या ४०७ वर काम केलं असेल, ती १९८६ ची, तेव्हा जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून आलेल्या छोट्या ट्रकची रांग लागली होती, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी. त्यातले दोन तर आजच्या पोरांनी नावंही ऐकली नसतील. ४०७ मात्र सगळ्या गल्लीबोळांत. त्याचा वेगळा धागा काढायला हवा खरं तर.

आणि मर्सिडीजचं नातं १९६९ ला पूर्ण तुटलं असंही नाही. डाइमलरकडे टाटा मोटर्सचा पाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा २०१० पर्यंत होता, त्या वर्षी विकला. नव्वदच्या दशकात मर्सिडीजच्या कार भारतात जोडायला लागले तेव्हा सुरुवातीला जागाही पिंपरीच्या टेल्कोतलीच वापरली. आणि हिस्सा विकून दोन वर्षं होतायत तोच, २०१२ ला, ते भारतबेंझ घेऊन ट्रकमध्ये उतरले, चेन्नईजवळ ओरगडमला कारखाना काढून. आता टाटासमोरच उभे आहेत.

नोझल_आणि_पंप

१२१० गेली त्याचं आणखी एक कारण, प्रदूषणाचे नियम. १९९३ ला टाटा आणि इंजिनं बनवणाऱ्या कमिन्सची जोडी झाली, जमशेदपूरला ५.९ लिटरचं बी सिरीज इंजिन बनायला लागलं, आणि मोठ्या गाड्यांना हळूहळू तेच बसायला लागलं. २००० नंतर प्रत्येक नवीन नियमाला जुन्या ६९७ ला काही ना काही जोडत जावं लागलं, टर्बो, इंटरकूलर. ६९७ वाईट इंजिन नव्हतं, पण मूळ आराखडा १९६० च्या दशकातला, किती ओढणार.

कमिन्स आलं तेव्हा आमच्या धंद्यातली जुनी माणसं नाक मुरडायची, "ह्याला आवाज नाही" म्हणून. चार वर्षांत सगळे तेच शिकले.

विदर्भ_एक्स्प्रेस

आमच्या इकडं अजून हायेत बापा १२१०. बोअरवेलची मशीन बसवलेल्या, पाण्याचे टँकर. लांब पल्ला संपला पण गाडी नाही संपली. उन्हाळ्यात टँकरवर जी गाडी येते तिच्या पुढं गोलातला टी असला की आम्ही समजतो आज पाणी येते.

गूळमार्केट_ट्रान्सपोर्ट

आमच्याकडं कारखान्याला ऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू झालं की जिथं जिथं झाडाखाली उभ्या होत्या तिथनं बाहेर निघतात, दिवा एकच, दरवाजा दोरीनं बांधलेला, हौद्याच्या वर आणखी हौदाभर ऊस. फिटनेसचं विचारू नका. पाटील, तुमच्या वडिलांची विकलेली गाडी असलीच तर तिथंच कुठंतरी असंल.

वाठारचा_पाटील

शेवटचा प्रश्न मंडळी, मग सुट्टी देतो. भंगारवाला ती ताऱ्यावाली चासी किलोच्या भावाने द्यायला तयार आहे. घेऊन नीट करून रस्त्यावर आणता येईल का? ते व्हिंटेज गाड्यांचं वेगळं पासिंग असतं ना हल्ली? आणि इंजिन जाम आहे, पंख्याला हात लावून बघितला, हलत नाही.

चेकपोस्ट_काका

आरटीओची कामं करतो म्हणून सांगतो. व्हिंटेजचा नियम २०२१ ला आला, पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात ठेवलेली, नंबरात व्हीए येतं. पण तो दुचाकी आणि चारचाकीला, त्यातही धंद्याच्या वापराची नसलेली. ट्रकला मागं चार पुढं दोन, आणि जन्मापासून मालवाहू. त्यात बसवायचा प्रयत्न करू नका, फेऱ्या मारून चपला झिजतील. रस्त्यावर आणायची तर जुनं आरसी पुस्तक लागेल, चासी नंबर जुळायला हवा, आणि ते भंगारवाल्याकडे असायची शक्यता शून्य. अंगणात उभी करून चालू करायची असेल तर खुशाल घ्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. घेताना पावती मात्र घ्या, चासी नंबर लिहून, उद्या कुणी विचारलं तर.

नोझल_आणि_पंप

घे राव, मी येतो बघायला.

इंजिन जाम आहे म्हणून लगेच हेड खोलू नकोस आणि सेल्फ तर अजिबात मारू नकोस. सहाही नोझल काढ, जुन्या प्री-चेंबरच्या हेडला नोझल बाहेरून आटे असलेल्या नटने बसवलेले असतात, आधी डिझेल सोडून रात्रभर भिजव नाहीतर आटेच उतरतील. नोझलच्या भोकातून प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेल आणि गियर ऑइल निम्मं-निम्मं ओत, कपभर पुरे. आठवडाभर तसंच राहू दे, मधेमधे परत ओत. मग खालून फ्लायव्हीलचे दात दिसतात तिथं पहार लावून आधी उलट्या दिशेला अगदी थोडं हलतंय का बघ, मग सुलट. हललं तर जोर वाढवू नकोस, पुढंमागं पुढंमागं करत राहा. नोझल बाहेरच ठेवून फिरवायचं, नाहीतर वर साचलेलं तेल दाबलं जाऊन कनेक्टिंग रॉड वाकेल. एकट्यानं पहार लावू नकोस, एकजण वर भोकांकडे बघायला पाहिजे, चुलतभावाला घे सोबत, नाहीतरी तो गप्पच बसलाय.

कुठल्या गावाला यायचं ते व्यक्तिगत निरोपात कळव.